रेणूच्या गुडघ्यातला आवाज

निंबर्ग्याच्या शिवाप्पाचे हात एके काळी अख्ख्या आळंद तालुक्यात ओळखीचे होते. तोंड नव्हे, हात. तोंडानं माणूस असा तिरसट की कुणी रामराम घातला तर हा विचारायचा, ‘‘काय काम हाय?’’ पण मेंढराचा पाय खड्ड्यात अडकून निखळला, बैलगाडीवरून पडून कुणाचा खांदा उतरला, तालमीतल्या पैलवानाचा अंगठा वाकडा झाला, की लोक त्याचा सगळा तिरसटपणा गिळून त्याच्याच दारात येऊन बसायचे. शिवाप्पा डोळे मिटायचा, बोटांनी चाचपायचा, आणि पुढचा माणूस ‘आई गं’ म्हणायच्या आत सांधा जागेवर! वर शिव्या फुकट. ‘‘डोळे हायती का बटनं? बघून चालायला काय झालं होतं?’’ शिव्या खाऊन लोक हसत घरी जायचे.

ही विद्या त्याला मेंढरांनी शिकवली. त्याचे बाप-आजे कळप घेऊन पार भीमेच्या काठापर्यंत हिंडायचे. वाटेत मेंढी लंगडली तर तिला कुठल्या दवाखान्यात नेणार? सांधा बसवायचा, लंगड्या पायाला काळ्या लोकरीचा धागा बांधायचा, म्हणजे कळप हाकताना नजर तिच्यावर राहते, आणि आठव्या दिवसापासून तिला कळपाच्या अगदी मागं, सावकाश, पण रोज चालवायची. बसू द्यायची नाही. बसलेल्या मेंढीचा पाय वाळतो, हे शिवाप्पाला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक होतं.

असा हा माणूस, अठ्ठ्याण्णव सालच्या थंडीत त्यानं एकाएकी हात आखडते घेतले. कोकरू घेऊन कुणी आलं की म्हणायचा, ‘‘हातात जोर न्हाई ऱ्हायला. आळंदला न्या.’’ लोकांना नवल वाटलं. पंचेचाळिशीचा गडी, दोन्ही बगलेत दोन मेंढ्या धरून ओढा ओलांडायचा, आणि म्हणे जोर नाही! खरं कारण फक्त त्याला ठाऊक होतं, आणि ते त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

कारण होतं रेणू, त्याची एकुलती लेक.

रेणू खो-खो खेळायची. खेळायची म्हणजे काय, बसलेल्या पोरींच्या रांगेतून अशी वळणं घेत पळायची की पाठलाग करणारी पोर रडकुंडीला यायची. शाळेचे खेळाचे मास्तर गुंडेराव सर छाती फुगवून सांगायचे, ‘‘शिवाप्पा, ही पोर राज्याच्या संघात जाणार, लिहून ठेव.’’ शिवाप्पाला लिहिता येत नव्हतं आणि पोरीनं चड्डी घालून मैदानात पळणंही त्याला आवडत नव्हतं. दोन वेळा त्यानं तसं बोलूनही दाखवलं. पण आळंदच्या मैदानात एकदा चोरून, लिंबाच्या झाडाआड उभं राहून त्यानं तिचा खेळ पाहिला, आणि तेव्हापासून विरोध तोंडापुरता राहिला.

त्या थंडीत आळंदला सामना होता. तो झाला की गुलबर्ग्याला निवड. दुपारी गुंडेराव सर रेणूला टेम्पोत घालून घरी घेऊन आले. गुडघ्याला ओला टॉवेल गुंडाळलेला, पोर पांढरीफटक. ‘‘पडली. गुडघा उतरला बहुतेक. म्हटलं तुझे हात असताना दवाखाना कशाला?’’ सर म्हणाले.

शिवाप्पानं टॉवेल सोडला. गुडघा फुगून लोट्याएवढा झालेला. त्यानं मनात म्हटलं, सांधा निखळलाय, मेंढीचा निखळतो तसाच. त्यानं टाच धरली, पाय ओढला, आतल्या अंगाला वळवला आणि गुडघ्याखाली बाहेरून दाब देत वाकवला. त्याच्या तळहाताखाली आवाज झाला. खट्ट. रेणू अशी किंचाळली की कुंपणातली मेंढरं उठून उभी राहिली.

शिवाप्पानं आयुष्यात हजार सांधे बसवले होते. बसलेल्या सांध्याचा आवाज तो ओळखायचा. हा तो नव्हता. हे काहीतरी तुटल्यासारखं होतं, आणि ते त्याच्या हाताखाली तुटलं होतं.

त्यानंतर रेणूचा गुडघा कधी धड राहिला नाही. सूज उतरली, पण चालता चालता पाय एकदम निसटायचा आणि पोर बसकण मारायची. आठवड्यानं सर आले, पाहिलं आणि सहज बोलून गेले, ‘‘काय केलंस रे शिवाप्पा पोरीच्या पायाचं?’’ सर विसरलेसुद्धा असतील. शिवाप्पाच्या काळजात मात्र ते वाक्य जे रुतलं, ते निघालंच नाही. त्यानं रेणूच्या पायाला पुन्हा हात लावला नाही. तेल लावायचं म्हटलं तरी बायकोला, अंबुबाईला सांगायचा आणि आपण मेंढरांकडं निघून जायचा. ‘चालव तिला’ हेही त्याच्या तोंडून निघालं नाही. पोर चार महिने खाटेवर पडून राहिली. मग शाळा सुटली, खेळ सुटला, आणि चार वर्षांनी मल्लेशशी लग्न होऊन ती गुलबर्ग्याला गेली. मल्लेश डाळीच्या मिलचा टेम्पो चालवायचा, रेणू घरी शिलाईचं मशीन चालवायची. माहेरी आली की बाप-लेक इकडचं तिकडचं बोलायचे. पाऊसपाणी, मेंढरं, लाइट. पायाचा विषय निघाला की शिवाप्पाला कुंपणाचं काहीतरी काम आठवायचं.

अशी बारा वर्षं गेली. गावातली निम्मी पोरं पुण्याला, हैदराबादला बांधकामावर गेली. शिवाप्पाचा कळप दीडशेवरून तिसावर आला. आणि एका सकाळी दारात जीप थांबली.

जीपमधून उतरली एक तिशीतली बाई. हातात जाडजूड फाइल, पायात खेळाडूचे बूट. ‘‘मी डॉक्टर मंजुश्री. गुलबर्ग्याच्या कॉलेजात शिकवते. मी मूळची ठाणाकुशनूरची, अण्णा, आपल्याच बोलीतली. खो-खो, कबड्डी खेळून जखमी झालेल्या जुन्या खेळाडूंचा अभ्यास करायलेय. कुणाला काय लागलं, कुणी काय उपचार केला, आता पाय कसा हाय, असं एकेकाला भेटून विचारायलेय. जुन्या सामन्यांच्या यादीत इथल्या रेणूचं नाव सापडलं. ती हितलीच ना?’’

कुणी काय उपचार केला! म्हणजे बारा वर्षं जे फक्त त्याच्या छातीत होतं ते आता कागदावर चढणार. बापानं लेकीचा पाय मोडला, असं. आणि ते रेणूला कळणार.

‘‘रेणू? असली कोण न्हाई हितं,’’ तो म्हणाला.

‘‘न्हाई कामून?’’ आतून अंबुबाई चुलीपुढून ओरडली. ‘‘तुमचीच लेक हाय की! वय झालं का काय तुमचं?’’

‘‘ती व्हय... ती मुंबईला असते,’’ शिवाप्पानं दुसरी थाप मारली.

अंबुबाई पदराला हात पुसत बाहेर आली. ‘‘मुंबईला? परवा तर गुलबर्ग्याहून फोन आला तिचा! डॉक्टरीणबाई, ह्यांच्याकडं लक्ष देऊ नका, नंबर लिवून घ्या.’’ आणि तिनं भिंतीवर कोळशानं लिहिलेला नंबर दाखवला. शिवाप्पानं बायकोकडं असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर जळून गेली असती. अंबुबाईनं चहा ठेवला.

पुढच्या रविवारी रेणू आली; घरच्यांनाही विचारायचं म्हणून डॉक्टरबाईंनी भेट गावातच ठरवली होती. एसटीतून उतरताना नेहमीसारखा एक हात दांडीला, दुसरा गुडघ्यावर. शिवाप्पाच्या डोळ्याला रात्रभर डोळा लागला नव्हता. पळून जावं म्हटलं तर कुठं? तीस मेंढरांचा माणूस पळून पळून जाणार किती लांब?

डॉक्टरबाई आल्या. लिंबाखाली घोंगडी अंथरली, रेणू तिच्यावर बसली, अंबुबाई भिंतीला टेकली. शिवाप्पा म्हणाला, ‘‘मला लोकर कातरायची हाय,’’ आणि कुंपणाआड जाऊन एका मेंढीला धरून बसला. तिथून सगळं ऐकू यायचं, म्हणूनच तर तिथं बसला.

डॉक्टरबाईंनी फाइल उघडली. ‘‘रेणू, धक्का लागून पडलीस का आपोआप?’’

‘‘आपोआप. पाठीमागं पोरगी होती. मी तिला हूल दिली, एक पाय रोवला आन् उलटी वळले. अंग वळलं, पाय तितंच ऱ्हायला.’’

‘‘काही आवाज आला?’’

‘‘आला की! टक् करून. वाळलं लाकूड मोडल्यावानी. रांगेत बसलेल्या पोरीनं मागं वळून बघितलं, इतका मोठा.’’

कुंपणाआड शिवाप्पाची कातर थांबली. मैदानात आवाज? हे त्यानं कधीच ऐकलं नव्हतं. मग त्याला आठवलं की त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

‘‘सूज कधी आली?’’

‘‘टेम्पो आळंदच्या बाहेर पडायच्या आत. सरांनी टॉवेल भिजवून गुंडाळला तवाच भोपळा झाला होता.’’

बाई लिहीत राहिल्या. प्रश्नावर प्रश्न. जिना उतरताना काय होतं, मशीनच्या पेडलवर कुठला पाय, पाय निसटतो तो वळताना का सरळ चालताना. शिवाप्पा मेंढीची एकच जागा कातरत राहिला. तिथं बिचारीची कातडी दिसायला लागली तरी त्याचं लक्ष नाही.

‘‘घरी आणल्यावर उपचार कुणी केला?’’

आता. शिवाप्पानं डोळे मिटले.

‘‘अप्पांनी,’’ रेणू म्हणाली. बस, एवढंच. पुढं एक शब्द नाही.

‘‘बरं. आता आडवी हो, गुडघा बघते.’’

शिवाप्पानं कुंपणाच्या काट्यांतून पाहिलं. डॉक्टरबाईंनी रेणूची टाच धरली. पाय आतल्या अंगाला वळवला. दुसरा तळवा गुडघ्याखाली बाहेरून लावला आणि पाय वाकवायला लागल्या. अरे देवा! अगदी तसंच. त्यानं त्या दिवशी केलं होतं, हुबेहूब तसंच!

‘‘सोडा! सोडा तिला! वडू नका!’’ शिवाप्पा काटे न बघता कुंपण ओलांडून आला. धोतर फाटलं, नडगीवर रक्त आलं. ‘‘असंच वडून मी पाय मोडला तिचा! तुटलं ते माज्या हातानं तुटलं! लिवा तुमच्या कागदात, बापानं मोडला म्हणून लिवा, पर पुन्हा मोडू नका!’’

अंबुबाईनं तोंडावर हात ठेवला. रेणू कोपरांवर उठून बापाकडं बघत राहिली.

डॉक्टरबाईंनी पाय सोडला नाही. ‘‘अण्णा, बसा हितं,’’ त्या शांतपणे म्हणाल्या. ‘‘तुमच्या हाताखाली तुटलं हे कशावरून?’’

‘‘आवाज आला. खट्ट. हातात लागला माज्या.’’

‘‘रेणू, दुखलं तर सांग.’’ त्यांनी आधी रेणूचा दुसरा, चांगला पाय घेतला, तसाच वळवला, तसाच वाकवला. काही नाही. मग आजारी पाय घेतला. ‘‘अण्णा, तुमचा अंगठा ठेवा हितं. ठेवा म्हणते ना! घाबरायलाव कामून?’’

बारा वर्षांनी शिवाप्पाचा हात लेकीच्या गुडघ्याला लागला. बाईंनी पाय वळवला, वाकवला.

खट्ट.

‘‘हाच का तो आवाज?’’

शिवाप्पानं मान हलवली. हाच.

‘‘मग आता मी मोडला का?’’ डॉक्टरबाई म्हणाल्या. ‘‘नीट ऐका. गुडघ्यात दोन हाडांना धरून ठेवणारा एक दोर असतो. तो तुटला की खालचं हाड पुढं सरकतं, आणि पाय असा वाकवला की परत जागेवर बसतं. बसताना हा आवाज होतो. दोर धड असला तर वाकवताना असा आवाज येतच न्हाई, आत्ता दुसऱ्या पायाला आला का? तुमच्या हाताखाली आवाज आला म्हणजे दोर आधीच तुटलेला होता. मैदानात. टक् करून. ती हूल देताना तुटला, आन् तासाभरात गुडघ्यात रक्त भरलं. माझ्या फाइलीत अशा अठरा बायका हायती, रेणू एकोणिसावी. कुणाला कुणी धक्का दिला न्हाई. पाय रोवला, अंग वळलं, टक्. सगळ्यांची तीच गोष्ट.’’

शिवाप्पा ऐकत होता आणि ऐकू आलेलं आत उतरत नव्हतं. ‘‘म्हंजे... मी न्हाई?’’

‘‘तुम्ही न्हाई.’’

‘‘पुन्हा एकदा सांगा, अक्का.’’

‘‘तुम्ही न्हाई मोडला, अण्णा.’’

मग तो सत्तावन्न वर्षांचा तिरसट माणूस घोंगडीवर फतकल मारून बसला आणि ढसाढसा रडला. रडता रडता हसला. नाकडोळे फाटक्या धोतराला पुसले. छातीवरचा धोंडा बारा वर्षांनी कुणी उचलला होता, आणि इतकं हलकं कसं वाटायचं असतं हेच त्याला आठवत नव्हतं. अंबुबाई म्हणाली, ‘‘बारा वर्सं एका घरात ऱ्हाऊन मला सांगितलं न्हाई! थांबा, पाव्हणी जाऊ दे, मग बघते तुमच्याकडं.’’ आणि तीही रडायला लागली.

रेणू हळूच म्हणाली, ‘‘अप्पा, म्हणून तुमी माज्या पायाला हात लावत नव्हता? मला वाटलं, नको म्हणत असताना खेळायला गेले म्हणून राग धरलाव. मला वाटलं लंगडी लेक तुम्हाला बघवत न्हाई. मी आले की तुमी उठून जायचाव.’’

‘‘येडी हायस का गं?’’ शिवाप्पा ओरडला. ‘‘तुजा खेळ मी चोरून बघितलाय आळंदला! झाडामागून!’’

‘‘तर मग सांगितलं कामून न्हाई?’’ रेणूही ओरडली. बापाचाच आवाज तिचा. ‘‘कुणी येऊन इचारेपर्यंत दोघंबी गप! चांगलंय की!’’

डॉक्टरबाईंनी दोघांना ओरडू दिलं. मग पेन उघडलं. ‘‘अण्णा, खूश झालाव, पण एक बोलणं खावंच लागंल. सुजलेला गुडघा न बघता वाकवायचा न्हाई. नशीब आणखी काही बिघडलं न्हाई. पुन्हा असा कुणी आला तर थेट दवाखान्यात.’’ शिवाप्पानं मुकाट्यानं मान डोलावली, जन्मात पहिल्यांदा. ‘‘आन् नंतर किती दिवस झोपून होती ही?’’

‘‘चार महिने,’’ अंबुबाई म्हणाली.

‘‘तिथं खरं चुकलं.’’ बाईंनी टेप काढून दोन्ही मांड्या मोजल्या. आजारी मांडी दोन बोटं बारीक होती. ‘‘मांडी वाळली. दोर नसला तरी मांडीचा जोर गुडघ्याला पुष्कळ धरून ठेवतो. तो जोरच गेला.’’

शिवाप्पानं कपाळावर हात मारला. ‘‘मेंढी असती तर आठव्या दिवशी कळपामागं चालवली असती मी! लेकीलाच तेवढी बसवून ठेवली. भ्यालो, अक्का. चालवायला लावलं आन् आणखी मोडलं तर, म्हणून.’’

‘‘मेंढीला कसं चालवताव? सांगा बघू,’’ डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यानं सांगितलं: काळा धागा, आठवा दिवस, कळपाचं शेपूट, आधी ओढ्यापर्यंत, मग टेकाडापर्यंत, उतार सगळ्यात शेवटी. बाई भराभर लिहून घेत होत्या. मधेच हसल्या. ‘‘आम्ही कॉलेजात पोरांना हेच शिकवताव, अण्णा. फक्त मेंढरं नसतात.’’ मग त्यांनी रेणूला मांडीचे चार व्यायाम दाखवले. बारा वर्षांनीसुद्धा मांडी भरते, म्हणाल्या. तीन महिन्यांनी परत मोजू, ऑपरेशनचं त्यानंतर ठरवू. कागदावर ‘उपचार’ या शब्दापुढं त्यांनी काय लिहिलं ते वाचूनही दाखवलं: वडिलांनी पाय वाकवून पाहिला, त्यानं दुखापत झालेली नाही. शिवाप्पानं त्यांना ते तीनदा वाचायला लावलं.

रेणू दोन दिवसांसाठी आली होती ती पंधरा दिवस राहिली. मल्लेशला फोनवर सांगितलं, डबा खानावळीतून आणा. रोज सकाळी तीस मेंढरं पुढं, त्यामागं रेणू, आणि तिच्यामागं शिवाप्पा. ‘‘टाच आधी. टाच! वळताना पाय उचल, रोवू नको.’’

‘‘अप्पा, मी मेंढी हाय का?’’

‘‘मेंढी बरी. ती उलटून बोलत न्हाई.’’

पहिले चार दिवस ओढा. मग टेकाड. बाराव्या दिवशी उतार. त्या दिवशी पाय एकदाही निसटला नाही. घरी परत येईपर्यंत रेणू बोलली नाही, आणि शिवाप्पानंही तोंड उघडलं नाही, दृष्ट लागंल म्हणून.

घरी दारात गुंडेराव सर बसलेले. केस पिकलेले, मांडीवर नातवाचं कोकरू, त्याचा पुढचा पाय लोंबतोय. ‘‘आळंदला जा म्हणशील हे ठाऊक हाय,’’ ते म्हणाले, ‘‘पण पोरगं ऐकंना.’’

शिवाप्पानं कोकरू घेतलं, डोळे मिटले, चाचपलं. मग डोळे उघडून सूज आहे का तेही नीट बघितलं. एक झटका, आणि सांधा जागेवर. ‘‘नातवाला म्हणावं, डोळे हायती का बटनं?’’ सर आ वासून बघत राहिले.

ते गेल्यावर रेणू ओट्यावर बसली. उतार चढून-उतरून गुडघा ठणकत होता. पंधरा वर्षांची असताना खेळून आली की करायची तसं तिनं पाय लांब केला आणि सरळ बापाच्या मांडीवर ठेवला.

‘‘अंबू, तेल आण गं,’’ शिवाप्पा म्हणाला.

‘‘शेजारी बघा,’’ अंबुबाई आतून म्हणाली. कोमट तेलाची वाटी त्याच्या उजव्या हाताशी आधीच ठेवलेली होती.